पेटीत राहिलेला पत्ता

ऑफिसात तिला सगळे पॅकिंगताई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणीच कबूल करत नव्हतं, पण संशय चष्मिशवर होता. चष्मिश म्हणजे तिच्या समोरच्या टेबलावर बसून प्रोग्राम लिहिणारा माणूस. स्वतःच्या सोडून साऱ्या जगाच्या चुका त्याला दिसत. तो प्रोग्राम लिहायचा, "माझ्याकडे तर चालतंय" म्हणायचा आणि घरी जायचा. त्याच्याकडे चाललेलं दुसरीकडेही चालावं, हे बघायचं काम पॅकिंगताईच्या गळ्यात होतं.

तिच्या धंद्यात ज्याला इमेज म्हणतात ती एक प्रकारची पेटीच. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान आत भरायचं, पेटी सीलबंद करायची आणि हव्या त्या मशीनवर नेऊन चालू करायची. चालू झाली की तिलाच कंटेनर म्हणायचं. पेटी कशी भरायची हे एका छोट्या फाइलीत ओळीओळीनं लिहिलेलं असतं आणि खरी गोम त्या ओळींतच असते. काही गोष्टी पेटी भरताना सांगायच्या असतात, काही ती चालू करताना. भरताना, म्हणजे बिल्डच्या वेळी, जे सांगितलं ते आत मुरून बसतं. नंतर बाहेरून घसा फोडून ओरडलात तरी आतलं ढिम्म हलत नाही. चालू करताना सांगायची गोष्ट मात्र दर वेळी नव्यानं सांगता येते.

नवा माणूस आला की ती त्याला हे शिवणकामाच्या भाषेत समजावून सांगे. "कापड कापलं की कापलं. ते बिल्डच्या वेळचं. शिवणीत माया ठेवली असेल तर ती नंतर उसवून सैल करता येते. ते चालू करतानाचं. आता तूच सांग, तू कापतोयस की माया ठेवतोयस?" एकदा चष्मिशनं पासवर्डच बिल्डच्या वेळी आत टाकला होता, तेव्हा तिनं त्याला अख्ख्या ऑफिससमोर सोलून काढलं. "अरे शहाण्या, पेटी ज्याच्या हातात पडेल त्याच्या हातात किल्लीसुद्धा देऊन टाकलीस की." चष्मिशनं कान पकडले. तिचं आणखी एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं: सेटिंग काय म्हणतंय ते विचारू नका, बटण दाबा आणि बघा.

शिवणकामाची भाषा तिची स्वतःची नव्हती, आईची होती. वडील लवकर गेले. एका खोलीत एक मशीन, एक पलंग, भिंतीला टाचलेले कागदी नमुने आणि जमिनीवर कापडाच्या चिंध्या, एवढ्या संसारात आईनं तिला वाढवलं. तिच्या शाळेची फी त्या मशीननं भरली, कॉलेजचीही भरली. मुलगी पडद्याकडे बघत तासन् तास काय करते हे आईला कधी उमगलं नाही, विचारणाऱ्याला ती सांगे, "कॉम्प्युटरची पाकिटं भरते." लग्नाचा विषय दोन-चारदा निघाला आणि विरून गेला. मग दोघीच राहिल्या. एकमेकींवर चिडायच्या, एकमेकींशिवाय जेवायच्या नाहीत.

विसरणं सुरू झालं ते दोऱ्यापासून. निळ्या कापडाला आई तपकिरी दोरा लावू लागली. मग ती रस्ता चुकली. मग एकदा गॅस चालू ठेवून बाहेर पडली आणि शेजाऱ्यांनी दार फोडलं. पॅकिंगताईनं घरी बसून काम करून पाहिलं, बाई ठेवून पाहिली, रात्री दाराला कुलूप लावून किल्ली उशाखाली घेऊन झोपून पाहिलं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, तुम्ही आजारी पडाल तर दोघींचं कोण करणार? शहराच्या टोकाला अशा म्हाताऱ्यांची देखभाल करणारं एक केंद्र होतं. तिथं आईला ठेवलं त्या दिवशी मावशीचा फोन आला. "जिनं तुझ्यासाठी डोळे फोडून घेतले तिला परक्यांच्या हाती दिलीस?" मावशी स्वतः मात्र एक रात्रही बहिणीपाशी राहिली नव्हती. पण बोललेला शब्द परत घेता येत नाही आणि तो शब्द पॅकिंगताईच्या काळजात जाऊन रुतला.

केंद्र चांगलं होतं. स्वच्छ खोल्या, रुंद खिडक्या, आणि आईच्या मजल्यावर एक गोल चेहऱ्याची सिस्टर होती, तिचा आवाज कधी चढत नसे. पण आई आता मुलीला ओळखत नव्हती. पॅकिंगताई दारात उभी राहिली की आई अदबीनं विचारी, "कुणाकडच्या आपण? माप द्यायला आलात का?" सिस्टरनं आईला एक जुनी मापाची पट्टी देऊन ठेवली होती. पॅकिंगताई हात पसरून उभी राहायची आणि आई तिच्या खांद्याचं, पाठीचं, दंडाचं माप घ्यायची. आकडे पुटपुटायची, विसरायची, पुन्हा घ्यायची. तेवढा वेळ आईचे हात अंगावरून फिरत, म्हणून मुलगी निमूटपणे गिऱ्हाईक व्हायची.

एका रविवारी सिस्टरनं तिला व्हरांड्यात गाठलं.

"ताई, सांगू की नको असं होतं मला. परवा दुपारी तुमची आई एकदम भानावर आली. तुमचं नाव घेतलं. म्हणाली, माझी मुलगी कुठाय, तिला बोलवा."

"मग फोन का नाही केलात?"

"केला असता हो. पण तेव्हाच माझ्याकडचे एक आजोबा पडले होते. त्यांना उठवून येईपर्यंत अर्धा तास गेला आणि मग त्या मला विचारायला लागल्या, तुमचा ब्लाउज कधी हवाय."

"पुन्हा होईल असं?"

"होतं अधूनमधून. कधी होईल ते नाही सांगता येत."

ऑफिसपासून केंद्र स्कूटरवर फार लांब नव्हतं. अर्धा तास मिळाला असता तर पोचता आलं असतं. त्या दिवसापासून पॅकिंगताईला जगात दुसरं काही नको होतं. आईनं एकदा ओळखावं आणि त्या वेळी आपण तिच्यासमोर असावं. मग काय बोलायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. टाकलं नाही तुला, एवढंच.

केंद्राच्या औषधांच्या नोंदीचा प्रोग्राम तिच्याच ऑफिसनं केलेला होता. प्रत्येक मजल्यावर सिस्टरकडे एक टॅबलेट असे. पॅकिंगताई साहेबांकडे गेली. त्या प्रोग्रामात माणसागणिक एक बटण टाकू, ती म्हणाली; म्हातारं माणूस भानावर येऊन घरच्यांना विचारू लागलं की सिस्टरनं नुसतं बोट ठेवायचं, निरोप घरच्यांच्या फोनवर जाईल. साहेबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता हो म्हटलं. चष्मिशनं ते बटण दोन दिवसांत लिहून दिलं आणि चक्क एकही फुशारकी मारली नाही. बटणावर लिहिलं होतं: आज ओळखतात.

पेटी तिनं स्वतः भरली. आधी चाचणी करायची होती, आणि चाचणीचे निरोप खऱ्या लोकांना जाऊन उपयोग नव्हता. कुणाची तरी मुलगी कामधाम टाकून धावत यायची आणि तिला कळायचं की हा खेळ होता. म्हणून ऑफिसात एक चाचणीचा कप्पा होता. तिथं निरोप येऊन पडत, पुढे कुठंच जात नसत. टॅबलेटवर दिसणारा भाग निरोप कुठं पाठवायचा तो पत्ता बिल्डच्या वेळीच गिळतो, म्हणून तिनं चाचणीच्या कप्प्याचा पत्ता बिल्डच्या वेळी दिला. बटणं दाबून पाहिली, निरोप कप्प्यात पडले, सगळं झकास.

आता तिच्या ऑफिसात एक शिस्त होती, आणि ती तिनंच घालून दिलेली होती. जी पेटी तपासली तीच पाठवायची, पुन्हा नवी भरायची नाही. नव्या पेटीत नवी भानगड शिरली तर तपासणीला अर्थ काय? एरवी ही शिस्त सोन्यासारखी. पण चाचणी संपली त्या सकाळी सिस्टरचा फोन आला, की आई पहाटे पुन्हा मुलीला विचारत होती. पॅकिंगताईचा जीव कासावीस झाला. तपासलेली पेटी तिनं तशीच केंद्राच्या सर्व्हरवर नेली आणि चालू करताना तिला घरच्यांच्या फोनकडे नेणारा खरा पत्ता सांगितला. मग विचारून पाहिलं, तुझ्याकडे निरोपाचा पत्ता कोणता आहे? कंटेनरनं खरा पत्ता दाखवला. दाखवणारच, आत्ताच तर तिनं सांगितला होता. पण टॅबलेटवरच्या बटणाला त्या पत्त्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं कधीच पहिला, चाचणीचा पत्ता गिळून तोंड मिटलं होतं.

बटण दाबा आणि बघा, असं जगाला सांगणारी ही बाई. तिनं ते एकदा दाबलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. ती टॅबलेट हातात घेऊन उभीही राहिली. आईच्या नावासमोर बोट नेलं. आज ओळखतात. आणि तिला ते खोटं खोटं दाबवेना. हा निरोप पहिल्यांदा येईल तो खराच येऊ दे, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या कुणाच्या नावापुढचं दाबावं तर तिकडेही कुणीतरी असंच जीव मुठीत धरून बसलेलं असणार. तिनं टॅबलेट सिस्टरच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता फोन करत बसू नका, नुसतं बोट ठेवा. मी येतेच." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्यानंतर ती फोन उताणा ठेवून काम करायची. जेवताना ताटाशेजारी, अंघोळीला गेली तर दाराबाहेर स्टुलावर, मीटिंगमध्ये मांडीवर. स्कूटरची टाकी कधी निम्म्याच्या खाली जाऊ देईना. चष्मिशनं एकदा विचारलं, "ताई, कुणाच्या फोनची वाट बघताय एवढी?" आणि उत्तर ऐकल्यावर त्यानं आपला चार्जर काढून तिच्या टेबलावर लावून दिला. एक महिना गेला, मग दुसराही. निरोप आला नाही.

हळूहळू तिची समजूत झाली की आई आता विचारतच नाही. भानावर येण्याची खिडकी मिटली ती मिटलीच. आणि या समजुतीनं तिचं असं काही झालं की सांगता सोय नाही. रविवारी जायला पाय उचलेना. एखादा रविवार सर्दीच्या नावावर गेला, एखादा कामाच्या. गेली तरी माप देताना मन उडालेलं असायचं. एकदा आईनं पाठीचं माप तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा ती फटकन म्हणाली, "पुरे झालं आता." आई दचकली, पट्टी गुंडाळत म्हणाली, "चुकलं बाई, माफ करा." स्कूटरवरून घरी येताना पॅकिंगताईला रस्ता दिसत नव्हता.

हल्ली सिस्टरही तिच्याशी तुटक वागे. पूर्वी चहा विचारायची, आता नुसती मान हलवायची. शेवटी एका दुपारी, जिन्यापाशी, तिला राहवलं नाही.

"ताई, एक विचारू? लहान तोंडी मोठा घास होईल."

"विचारा ना."

"यायचं नव्हतं तर ते बटण कशाला करून दिलंत?"

पॅकिंगताईला काही कळेना. "म्हणजे? बटण दाबायची वेळच कुठं आली?"

"वेळ आली नाही? अहो, कितीदा दाबलं मी. दाबलं की हिरवी खूण येते, निरोप पाठवला म्हणून. मी त्यांना सांगायचे, कळवलंय हं, येतेच आहे मुलगी. की लगेच त्या केस विंचरून घ्यायच्या माझ्याकडून. साडी नीट करायच्या. खुर्ची दाराकडे वळवून बसायच्या. मला म्हणायच्या, स्कूटर हळू चालव म्हणावं तिला."

"आणि मग?"

"मग काय. बसून राहायच्या. कशासाठी बसलोय ते विसरेपर्यंत बसायच्या."

पॅकिंगताईनं जिन्याचा कठडा धरला. तिला, त्या क्षणी तिथंच, कारण समजलेलं होतं. कुठली ओळ, कुठला पत्ता, कुठली सकाळ, सगळं. शोधायला काही उरलं नव्हतं.

तरी ती ऑफिसात गेली आणि चाचणीचा कप्पा उघडला. निरोप तिथं रांगेनं पडले होते. आईचे होते, दुसऱ्यांच्या आयांचे होते, कुणाच्या वडिलांचे होते. काही दुपारचे होते. त्या दुपारी ती याच खुर्चीत, फोन उताणा ठेवून बसली होती. चष्मिश तिच्या मागं येऊन उभा राहिला. त्यानं वाचलं आणि हळूच म्हणाला, "ताई, बटण मी लिहिलं होतं. माझीही चूक आहे."

"तुझं चालत होतं रे," ती म्हणाली. "मी पेटीत चुकीचा पत्ता ठेवून पेटी बंद केली."

दुरुस्तीला फारसं काही लागलं नाही. पत्ता बिल्डच्या ओळींतून काढला, टॅबलेटचा पडदा उघडला की तो सर्व्हरला विचारून घ्यावा असं केलं, पेटी नवी भरली. मग आईच्या नावापुढचं बटण तिनं स्वतः दाबलं. फोन वाजला. आज ओळखतात, असं पडद्यावर आलं, आणि ती टेबलावर डोकं ठेवून अख्ख्या ऑफिससमोर रडली. साहेबांनी दार लोटून घेतलं. चुका माणसाच्याच हातून होतात, असं काहीतरी ते म्हणाले. ते खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

ज्यांचे निरोप अडकले होते त्या प्रत्येकाला तिनं स्वतः फोन केला. साहेब म्हणाले, ऑफिसतर्फे कळवू, तुम्ही कशाला. तिनं ऐकलं नाही. कुणी तिला वाटेल ते बोललं, कुणी फोन आपटला. एका गृहस्थानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हटलं, "बाबा मागच्या आठवड्यात गेले. मला विचारत होते हे मला माहीतच नव्हतं. आता कळलं, तेवढं तरी कळलं." त्याच्या त्या बोलण्यापुढं तिला शिव्या परवडल्या असत्या.

आता ती रोज जाते. काम संपलं की स्कूटर तिकडेच वळते. बटण चोख चालतं, मजल्यावरच्या इतरांची मुलं-माणसं धापा टाकत येताना तिनं पाहिली आहेत. आईचं बटण मात्र त्यानंतर वाजलं नाही. सिस्टर आता पुन्हा चहा विचारते, आणि आईच्या नावावर तिची नजर असते, पण देण्यासारखा निरोप तिच्याकडे नसतो.

परवा संध्याकाळी ती गेली तेव्हा आई खुर्ची दाराकडे करून बसली होती. केस विंचरलेले होते. पॅकिंगताई दारातच थांबली. पण आई तिच्याकडे बघून नुसती ओळखीच्या बाईकडे बघून हसावं तशी हसली. ती शेजारी बसली. थोड्या वेळानं आईच बोलू लागली, आवाज खाली आणून, एखाद्या शेजारणीला घरातलं दुखणं सांगावं तशी.

"माझी मुलगी येत नाही हो. हे लोक कळवतात तिला. मी बघते ना, कळवतात. ती येत नाही."

किती विसरली होती ती. मशीन विसरली, नवरा विसरला, या खोलीत आपण कशाला आहोत तेही विसरली. हे तेवढं राहिलं होतं.

"तिला निरोपच मिळाला नाही," पॅकिंगताई म्हणाली. "भलत्याच पत्त्यावर गेला. मिळाला असता तर ती धावत आली असती."

"असं ती म्हणाली तुम्हाला?"

"हो."

आईनं विचार केला. "मग खरं असेल. खोटं नाही बोलत ती." तिचा चेहरा एकदम सैल झाला. "काय बाई मी तरी, उगाच बोल लावत होते लेकराला. मग आता कळवा ना तिला. म्हणावं, मी रागावलेली नाही. ये म्हणावं."

"कळवते," पॅकिंगताई म्हणाली.

ती उठली आणि खोलीबाहेर गेली. व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिली, पदरानं तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला. मग वळून पुन्हा दारात आली आणि लहानपणी शाळेतून येऊन हाक मारायची तशी तिनं हाक मारली, "आई, मी आले."

आईनं वर पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"या, या, बसा," ती म्हणाली. "पण ती खुर्ची नको हं. माझी मुलगी निघालीय तिकडून. तुम्ही इथं पलंगावर बसा."

ती पलंगावर बसली, आणि दोघी दाराकडे बघत राहिल्या.